समाधानी असाल तर १ दाबा: सरकारी फीडबॅक देऊन कधी काही बदललंय का?

धायरी_फाटा (धागाकर्ता)
मंडळी, परवाचा किस्सा. आईच्या फॅमिली पेन्शनच्या कागदात नावाचा घोळ आहे, 'शैलजा'चं 'शैला' झालंय. एका सरकारी कार्यालयात (नाव घेत नाही, काम अजून तिथंच अडकलंय) तीन हेलपाटे झाले. शेवटी वैतागून ऑनलाइन तक्रार टाकली, कुठलं पोर्टल तेही गुलदस्त्यात राहू दे. सोळाव्या दिवशी मेसेज आला, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' मी खूश. उघडून बघतो तर 'आपला अर्ज उचित कार्यवाहीसाठी संबंधित शाखेकडे वर्ग करण्यात आला आहे.' आता संबंधित शाखा कुठली, तर जिच्याबद्दल तक्रार केली होती तीच!

दुसऱ्या दिवशी मंडईत भाजी घेत होतो, एका हातात मेथीच्या दोन जुड्या, आणि फोन. रेकॉर्ड केलेला आवाज, 'समाधानी असाल तर १ दाबा, नसाल तर २ दाबा.' मेथी बगलेत धरून २ दाबला. 'अभिप्रायाबद्दल धन्यवाद', फोन बंद. का नाही समाधानी, ते विचारलंच नाही.

तर प्रश्न असा की आजकाल जिथं तिथं क्यूआर कोड, स्टार द्या, अभिप्राय नोंदवा चाललंय, हे सगळं जातं कुठं? आणि तुम्ही दिलेल्या अभिप्रायामुळं एक तरी गोष्ट बदललेली तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलीय का? खात्यांची नावं घेऊन शिमगा नको प्लीज, अनुभव सांगा.

मिसळ_मध्यम_तिखट
३ दाबायला हवा होता. ३ म्हणजे चहापाणी.

धायरी_फाटा
@मिसळ, तो पर्याय खिडकीवर असतो, फोनवर नाही :)

निवृत्त_अव्वल_कारकून
३२ वर्षं सरकारी टेबलावर काढली, तेव्हा मी 'दुसऱ्या बाजूचा'. कार्यालय कुठलं ते सोडा, सगळीकडे सारखंच होतं.

आमच्याकडे अभिप्राय वही होती. लाल कापडी पुठ्ठ्याची, सुतळीनं टेबलाच्या पायाला बांधलेली, आणि तिच्यासोबत एक पेन, तेही सुतळीनं बांधलेलं, ज्यात रिफिल नसायची. कोणी फारच हट्टानं लिहायला बसलं तर आम्ही आपलं पेन द्यायचो आणि शेजारी उभे राहायचो. आता माणूस आपल्याच पेनानं आपल्यासमोर आपल्याविरुद्ध काय लिहिणार? 'सेवा उत्तम. कर्मचारी सौजन्यशील.' वार्षिक तपासणीच्या आदल्या आठवड्यात वही पाहिली की पानं कमी वाटायची, म्हणून आम्हीच चार-पाच अभिप्राय लिहायचो. माझं अक्षर बरं होतं त्यामुळं ते काम माझ्याकडं. डावा हात वापरून वेगळं अक्षर काढायलाही शिकलो होतो. लाज वाटते आता, पण खरं तेच सांगतो.

साहेब ती वही वाचायचे का? सही करायचे. 'पाहिले' असं लिहून.

सिंहगडरोडची_सई
'पाहिले' 😂 काका, हसून हसून पुरेवाट. डाव्या हाताचे अभिप्राय!

कायदेकानू
धागाकर्त्यासाठी आधी कामाचं सांगतो, मग गप्पा.

तक्रार केंद्राच्या पोर्टलवर, म्हणजे सीपीग्राम्सवर असेल तर 'निकाली' झाल्यावर ३० दिवसांत अपील करता येतं. तक्रार सोडवायची मुदत आधी ३० दिवस होती, ऑगस्ट २०२४ च्या सूचनांनी २१ दिवसांवर आणली. निकाली निघालेल्या तक्रारींवर लोकांना फोन करून विचारण्यासाठी २०२२ पासून फीडबॅक कॉल सेंटर पण आहे, आणि असमाधानी म्हणालात तर अपिलाचा पर्याय मिळतो. म्हणजे २ दाबून गप्प बसायचं नसतं, अपील टाकायचं असतं.

राज्याचं काम असेल तर दोन रस्ते. एक, लोकसेवा हक्क अधिनियम २०१५. अधिसूचित सेवा असेल तर मुदत ठरलेली असते, ती पाळली नाही तर प्रथम अपील, द्वितीय अपील, मग आयोग. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. दोन, लोकशाही दिन. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात, पण उठून गेलात आणि बोललात असं नसतं, १५ दिवस आधी विहित नमुन्यात दोन प्रती द्याव्या लागतात. कोर्टात असलेली प्रकरणं, माहिती अधिकाराची आणि नोकरीविषयक प्रकरणं घेत नाहीत.

तक्रार आणि अभिप्राय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तक्रारीमागं कायदा उभा असतो. अभिप्रायामागं फार तर एक सर्व्हर.

दख्खनराणी_पासधारक
रेल्वेतला एक प्रसंग सांगते, नागपूरला जाताना, एसी थ्री टायर. सकाळी सहाच्या सुमाराला सफाईवाला मुलगा आला, वय असेल २०-२१, हातात फॉर्मचा गठ्ठा. टॉयलेटमध्ये रात्री पाणी नव्हतं, हे मी लिहायला घेतलं तर म्हणाला, 'ताई, एक्सलंटवर टिक करा ना, कमी पडले तर ठेकेदाराचं बिल कापतात आणि तो आमचा पगार कापतो.' आता सांगा काय लिहायचं? पाणी नव्हतं यात त्या पोराची काय चूक, टाकीत पाणी तो भरत नाही. मी एक्सलंटवर टिक केली. समोरच्या बर्थवरचे आजोबा माझ्याकडं बघत होते, मग त्यांनीही केली. डब्यात त्या दिवशी सगळं एक्सलंट होतं, फक्त पाणी नव्हतं.

डेटावाली
@दख्खनराणी ताई, तुमच्या किस्स्याला अर्थशास्त्रात नाव आहे. गुडहार्टचा नियम. चार्ल्स गुडहार्ट या इंग्रज अर्थतज्ज्ञानं १९७५ मध्ये मांडला. साध्या भाषेत, एखाद्या मोजमापालाच उद्दिष्ट केलं की ते मोजमाप कामातून जातं. गुण मिळवायचेत म्हटल्यावर सगळे गुणच मिळवणार, टाकी कोण भरणार.

दुसरा घोळ, विचारतात कुणाला? ज्याचं काम झालं त्याला. दाखला हातात पडलाय, माणूस सुटल्याच्या आनंदात आहे, त्याला म्हणायचं स्टार द्या. तो पाचच देणार. जो 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' ऐकून परत गेला त्याला कोणी विचारत नाही. चौथ्या हेलपाट्यात ज्यानं नादच सोडला तो तर कुठल्याच आकड्यात नाही.

यावर आपल्याच देशात फार चांगलं काम झालंय. बंगळुरूत १९९४ मध्ये सॅम्युअल पॉल यांनी (हे आधी आयआयएम अहमदाबादचे संचालक होते) नागरिकांचं प्रगतिपुस्तक काढलं, सिटिझन रिपोर्ट कार्ड. पब्लिक अफेअर्स सेंटर ही संस्था त्यातूनच उभी राहिली. त्यांनी खिडकीवर विचारलं नाही, घरोघर जाऊन विचारलं की वीज, पाणी, दवाखाना, कचरा, कुठल्या यंत्रणेशी तुमचं काम पडलं, किती फेऱ्या झाल्या, वरचे पैसे मागितले का. मग प्रत्येक यंत्रणेचे गुण वर्तमानपत्रांत छापून आणले. पहिल्या वेळी गुण फार वाईट होते. १९९९ ला पुन्हा काढलं, २००३ ला पुन्हा, आणि तोवर बरीच सुधारणा दिसली. विचारणारा त्रयस्थ होता आणि निकाल चव्हाट्यावर होता, एवढाच फरक.

पौडफाटा_टू_पॅरिस
घरोघर म्हणताय तर ऐका. कॉलेजात असताना एका एजन्सीसाठी सरकारी सर्व्हे केलाय, फॉर्ममागं पैसे. सदाशिव पेठ आणि नारायण पेठ माझ्याकडं. दुपारी दोनला पहिली बेल वाजवली. पुढचं सांगायला नको.

मिसळ_मध्यम_तिखट
१ ते ४. आणि दारावर पाटी असेल, 'सर्वेक्षणवाल्यांनी आपले मत बाहेरच नोंदवावे.'

सिंहगडरोडची_सई
देवा, पाट्या आणि १ ते ४ शिवाय पुण्याचा एक तरी धागा पूर्ण होईल का या जन्मात

पौडफाटा_टू_पॅरिस
सई, जोक नाही, त्याचा आकड्यांवर परिणाम झाला! ४ नंतरच दारं उघडायची आणि आजी-आजोबाच भेटायचे. नोकरी करणारे कुणी नाहीत, भाड्यानं राहणारी पोरं नाहीत, कामवाल्या मावशी तर नाहीतच. एका आजींनी ४० मिनिटं बसवून पोहे खायला घातले आणि 'पाणीपुरवठ्याबाबत आपण समाधानी आहात काय?' याला उत्तर दिलं, '१९६१ च्या पुरात पानशेत फुटलं तेव्हापासून मी पाण्याबद्दल काही बोलत नाही.' हे कुठल्या रकान्यात टाकू? 'सांगता येत नाही'मध्ये टाकलं.

आणि खरं सांगायचं तर शेवटचे १५ फॉर्म मी कट्ट्यावर बसून भरले. काकांनी डाव्या हाताचं कबूल केलं म्हणून मी पण करतो.

गोरटलेकर
अवांतर: 'समाधानी आहात काय?' या 'काय'वर एक वेगळा धागा निघायला हवा. 'सदरहू सेवेबाबत आपणांस अवगत करण्यात आले होते काय? होय / नाही / लागू नाही.' माझ्या बाबांनी सरळ लिहिलं होतं, 'प्रश्न कळला नाही.' ज्याला अभिप्राय हवाय तो असं विचारतो काय?

डेटावाली
@गोरटलेकर अवांतर नाही हो, मुद्द्याचंच आहे. 'किती वेळा यावं लागलं?' असं विचारा, आकडा मिळेल. 'समाधानी आहात काय' विचारा, शिष्टाचार मिळेल. आपल्याकडं कुणी 'जेवण कसं झालं' विचारलं तर आपण मीठ कमी होतं म्हणतो का?

कोरेगाव_पार्कातला_गरीब
मी जरा उलटं बोलतो, दगड मारा हवं तर. आपण लोक तरी कुठं धड सांगतो? पुण्यात बजेटमध्ये नागरिकांनी कामं सुचवायची सोय आहे, २००६ च्या सुमाराला सुरू झालेली, देशात अशी सुरुवात करणाऱ्या पहिल्या काही शहरांत आपण. क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म द्यायचा, एका कामाला ५ लाखांची मर्यादा. मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला. फुटपाथ? नको, पार्किंग जाईल. दिवा? नको, खोलीत उजेड येतो. बाक? नको, मुलं येऊन बसतील. दीड तासानंतर एकमतानं काय ठरलं, तर सोसायटीच्या वळणावर आरसा. तोही कुणी सुचवला हे इतिवृत्तात लिहायचं का नाही यावर अर्धा तास.

स्वच्छ सर्वेक्षणाचं तेच. २०१८ मध्ये ४००० पैकी १४०० गुण नागरिकांच्या प्रतिसादाला होते. म्हणजे आपल्या हातात ३५ टक्के! आमचे सेक्रेटरी ग्रुपवर रोज, 'कृपया सर्वांनी हो म्हणा, आपल्या शहराचा प्रश्न आहे.' त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, हौस. आपण अभिप्राय देत नाही हो, आपण मॅच बघतो, आपलं शहर जिंकलं पाहिजे.

सिंहगडरोडची_सई
आरसा बसला का पण?

कोरेगाव_पार्कातला_गरीब
फॉर्मची शेवटची तारीख मीटिंगच्या आदल्या दिवशी होती.

हरकत_सम्राट
बरेच दिवस वाचनमात्र होतो, पण हा माझा विषय. जिथं 'हरकती व सूचना' मागवल्यात तिथं मी गेलोय, बायको म्हणते तुमची कुंडलीच राजपत्रात छापलीय.

विकास आराखड्याला कायद्यानंच हरकती मागवाव्या लागतात, १९६६ चा नगररचना कायदा. पुण्याच्या जुन्या हद्दीचा प्रारूप आराखडा २०१३ ला आला तेव्हा हरकतींचा आकडा ८० हजारांच्या वर गेला होता. नियोजन समितीसमोर प्रत्यक्ष सुनावणी असते. माझा नंबर आला, फाईल उघडून बसलो, नकाशा काढेपर्यंत वेळ संपली.

डेटावाली
८० हजार हरकती, प्रत्येकाला ३ मिनिटं धरली तरी ४ हजार तास. रोज ८ तास बसले तर ५०० दिवस, रविवार न धरता. इथं कुणाच्या हेतूचा प्रश्नच नाही, गणितच बसत नाही.

हरकत_सम्राट
बरोबर. त्यामुळं मी वीजदराच्या सुनावणीचा भक्त आहे. वीज नियामक आयोगाची सुनावणी पुण्यात असली की कौन्सिल हॉलला. शेतकरी येतात, यंत्रमागवाले येतात, 'प्रयास'सारख्या संस्थांचे अभ्यासू लोक येतात, माझ्यासारखे रिकामटेकडे येतात. कोणीही लेखी हरकत देऊ शकतं. आणि मग जो आदेश निघतो, काही शे पानांचा, त्यात प्रत्येक मुद्द्याखाली तीन गोष्टी असतात: हरकत काय होती, कंपनीनं काय उत्तर दिलं, आणि आयोगाचं म्हणणं काय.

एकदा मी स्थिर आकाराबद्दल लिहिलं होतं. आयोगानं मान्य केलं नाही. पण का नाही ते छापून दिलं, एक परिच्छेद! धागाकर्त्यानं विचारलंय बदललं का. नाही बदललं. पण तो परिच्छेद मी झेरॉक्स काढून ठेवलाय. 'धन्यवाद' म्हणून फोन बंद करण्यापेक्षा 'तुमचं चूक आहे, कारण हे' हे मला कितीतरी बरं वाटलं. उत्तर द्यायचं बंधन असलं की समोरच्याला निदान वाचावं तरी लागतं.

खडकी_बाजार
आणि कधीकधी बदलतं पण. नेट न्यूट्रॅलिटी आठवा, २०१५. ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, ११८ पानांचा कागद काढला, २० प्रश्न, सामान्य माणूस झोपेल असा. लोकांनी सोपं करून सांगितलं, तयार मजकूर दिला आणि १० लाखांच्या वर ईमेल गेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये नियम आला, वेगवेगळ्या साइटला वेगवेगळा डेटा दर लावायचा नाही.

गंमत म्हणजे पारदर्शकतेच्या नावाखाली ट्रायनं ते सगळे ईमेल पत्त्यांसकट साइटवर टाकले होते. माझाही होता त्यात. मला त्यानंतर जे गृहकर्जाचे मेल सुरू झाले ते आजतागायत.

मिसळ_मध्यम_तिखट
म्हणजे प्रतिसाद मिळाला म्हणायचा.

कायदेकानू
एक राहिलं. एका कार्यालयात क्यूआर कोडचा बोर्ड पाहिला म्हणून मी माहिती अधिकारात विचारलं, गेल्या वर्षी किती अभिप्राय आले, किती नकारात्मक, त्यावर काय केलं. उत्तर: 'सदर माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.' मग प्रत्यक्ष पाहणी मागितली. मनपात सोमवारी दुपारी ३ ते ५ कोणीही फायली पाहाव्यात अशी सोय सुरू झाली होती, ती सवय अंगात. इथं मात्र बघायला फाईलच नव्हती, स्क्रीन होता, आणि स्क्रीनचा पासवर्ड ज्याच्याकडं होता त्याची बदली झालेली.

निवृत्त_अव्वल_कारकून
कायदेकानू साहेबांनी बरोबर जागी बोट ठेवलं. आता धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नाकडं येतो, बदलतं का?

एकदा बदललं. १९९८-९९ ची गोष्ट असेल. आमच्या खिडकीवर एक बाई यायच्या, घरकाम करणाऱ्या, मुलाच्या दाखल्यासाठी. पहिल्या दिवशी सांगितलं रेशनकार्ड आणा, दुसऱ्या दिवशी शाळेचा दाखला, तिसऱ्या दिवशी तिकीट लावा. तिन्ही वेळा अर्ध्या दिवसाचं खाडं. चौथ्या दिवशी त्या आल्या त्या कुणाकडून तरी लिहून घेतलेला अर्ज घेऊन. चार ओळी. 'काय काय कागद लागतात ते एकदाच भिंतीवर लिहावे, मला वाचता येत नाही पण माझा मुलगा वाचतो.' वहीत नाही लिहिलं. टपालात दिला, शिक्का मारून पोच घेतली.

आता आवक नंबर पडला की तो कागद कार्यालयाच्या दृष्टीनं जन्माला येतो. रजिस्टरला चढतो, टेबलाला वर्ग होतो, महिनाअखेरीच्या गोषवाऱ्यात 'प्रलंबित' म्हणून दिसत राहतो, आणि साहेबाला वरून विचारणा होते. प्रलंबित १ हे काही जाईना. शेवटी साहेब म्हणाले, अरे लावून टाका तो बोर्ड. मीच रंगवला, निळ्या पाटीवर पांढऱ्यानं, उजव्या हातानं. खिडकीवरचं निम्मं भांडण त्या दिवशी संपलं. आमचंच बरं झालं हो, घसा वाचला.

वहीत त्या आधी तीच गोष्ट २० लोकांनी तरी लिहिली असेल. वहीला आवक नंबर नसतो.

सिंहगडरोडची_सई
काका 🙏 हा प्रतिसाद वेगळा धागा करून टाका.

दख्खनराणी_पासधारक
वाचता येत नसताना भिंतीवर लिहा म्हणाली, मुलगा वाचतो म्हणून... बराच वेळ याच ओळीवर थांबले.

धायरी_फाटा (धागाकर्ता)
अपडेट. कायदेकानूंचं ऐकून अपील टाकलं. आज पुन्हा फोन, यावेळी चक्क माणूस! एक मुलगी, आवाजावरून विदर्भाकडची वाटली. 'काय अडचण आहे सर?' म्हणाली आणि मी सुरू झालो. शैलजा, शैला, तीन हेलपाटे, वर्ग केलेला अर्ज, सगळं. सहा मिनिटं तिनं शांतपणे ऐकलं, मधेमधे 'हो का' पण म्हणाली, मला अगदी भरून आलं. शेवटी म्हटलं, काय टाइप केलंत जरा वाचून दाखवा. तिनं वाचलं:

'नागरिक असमाधानी. कारण: इतर.'

मिसळ_मध्यम_तिखट
इतर!!! 😂😂 आईचं नाव शैलजा, शैला किंवा इतर

डेटावाली
हसू नका, तिच्या स्क्रीनवर पाचच पर्याय असणार. सहा मिनिटांचं बोलणं ओतायला तिच्याकडं भांडंच नाही.

निवृत्त_अव्वल_कारकून
धायरीकर, फोनचं सोडा. साध्या कागदावर अर्ज करा, आईंची सही घ्या. विषय एकच लिहा, 'नावातील दुरुस्तीबाबत', रामायण नको. जुन्या आदेशाची प्रत जोडा, दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या आणि शिक्क्यातली तारीख वाचता येते का ते तिथंच बघा. सोमवारी जाऊ नका, मीटिंगा असतात. बुधवारी साडेअकराला, टपाल फुटायच्या वेळी. आणि स्वतःचं पेन न्या.